रोहिणीखंडचा श्रीपति आणि वगळलेलीं पदें

बुलढाण्याहून मलकापूरकडे जातांना वाटेंत मोताळा लागतें. येथील एखाद्या अंगणांत सरळ काठी रोवून तिची छाया सर्वांत आंखूड केव्हां होते, हें कोणी घड्याळ घेऊन पाहूं लागला, तर पहिल्याच दिवशीं त्याच्या ध्यानांत येईल कीं, घड्याळांत बारा वाजतात त्या क्षणीं सूर्य मध्यान्हीं नसतो. याचें कारण शाळेंतला मुलगाही सांगेल. १९०६ पासून चालत आलेली आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशाची आहे. मोताळ्याचा रेखांश सुमारें ७६ अंश १२ कला. मधल्या ६ अंश १८ कलांना दर अंशास ४ मिनिटें या हिशेबानें २५ मिनिटें होतात. तेव्हां मोताळ्याचा मध्यान्ह १२ वाजून २५ मिनिटांनीं. हिशेब सरळ आहे, आणि बहुतेक माणसें येथेंच थांबतात.

पण ज्यानें काठी वर्षभर रोवून ठेवली, त्याचें एवढ्यानें समाधान होत नाहीं. नोव्हेंबरच्या आरंभीं त्याची छाया १२ वाजून ९ मिनिटांनींच आंखूड होते. फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास ती १२ वाजून ३९ मिनिटांपर्यंत वाट पाहावयास लावते. २५ मिनिटें ही केवळ सरासरी. उरलेल्या चढउताराचीं कारणें दोन. सूर्याची गति वर्षभर सारखी नसते, हें एक. दुसरें असें कीं, सूर्य ज्या क्रांतिवृत्तावर चालतो तें विषुववृत्ताशीं साडेतेवीस अंश कललेलें आहे. म्हणून तो सारख्या गतीनें चालला असता तरीही मध्यान्हें सारख्या अंतरानें पडलीं नसतीं. आपल्या ज्योतिष्यांनीं पहिल्या दुरुस्तीला भुजांतर आणि दुसरीला उदयांतर असें नांव दिलें. भुजांतर पावणेआठ मिनिटांपर्यंत जातें, उदयांतर जवळजवळ दहा मिनिटांपर्यंत.

यांतील उदयांतराचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. तें क्रांतिवृत्ताच्या कलण्याच्या प्रमाणांत वाढत नाहीं, तर त्या कलण्याच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. कलणें निम्में असतें तर उदयांतर निम्में न होतां जवळजवळ चतुर्थांश झालें असतें. गणितज्ञ ज्याला दुसऱ्या घाताचें किंवा वरच्या क्रमाचें पद म्हणतात, तें हेंच. कोणतीही राशि मोजतांना प्रथम एक ढोबळ पद घ्यावयाचें, मग त्यावरची दुरुस्ती, मग दुरुस्तीवरची दुरुस्ती. दर पायरीस पद बारीक होत जातें, आणि कोठें तरी थांबून पुढचें सारें टाकून द्यावें लागतें. कोठें थांबावें, हा मात्र सोपा प्रश्न नव्हे.

घरगुती उदाहरण व्याजाचें आहे. शंभर रुपये दरसाल दरशेंकडा ५ प्रमाणें दोन वर्षांसाठीं दिले, तर सरळव्याज दहा रुपये होतें आणि चक्रवाढ व्याज सव्वादहा. हा वरचा पाव रुपया म्हणजे व्याजावरचें व्याज, म्हणजेच दुसऱ्या घाताचें पद. दोन वर्षांच्या व्यवहारांत तो पाव रुपया कोणी सोडून दिला तर त्याला उदार म्हणतील. तोच व्यवहार पंचवीस वर्षें चालला तर सरळव्याज १२५ रुपये आणि चक्रवाढ २३८ रुपयांहून अधिक. म्हणजे जें पद क्षुल्लक म्हणून सोडलें होतें तें आतां मूळ पदाला जवळजवळ गांठावयास आलें. आपल्याकडील दामदुपटीचा जुना नियम, व्याज मुद्दलाहून अधिक घेऊं नये हा, एका अर्थानें अशा वाढत्या पदांना घातलेला बांधच होता. कुळांना गणित येत नसलें तरी त्याचा चटका ठाऊक होता.

वरच्या क्रमाच्या पदांची ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. इ. स. ४९९ मधील आर्यभटाची ज्यांची सारणी अंतरांच्या अंतरांवरच रचलेली आहे. पुढें ब्रह्मगुप्तानें ६६५ सालच्या ‘खंडखाद्यक’ ग्रंथांत याचा व्यावहारिक उपयोग करून दाखविला. त्यानें दर १५ अंशांना एक अशा सहाच ज्या दिल्या: ३९, ७५, १०६, १३०, १४५ आणि १५०. आतां ४० अंशांची ज्या पाहिजे असेल तर काय करावें? ३० अंशांची ज्या ७५, ४५ ची १०६, मधलें अंतर ३१. त्रैराशिकानें ३१ चे दोन तृतीयांश घेतले तर उत्तर ९५ पूर्णांक दोन तृतीयांश येतें. ब्रह्मगुप्त तेवढ्यावर थांबत नाहीं. मागचें अंतर ३६ होतें, आतांचें ३१ आहे, म्हणजे अंतरेंही उतरत आहेत. त्या उतरण्याचाही भाग घेतला पाहिजे असें तो सांगतो. त्याच्या रीतीनें उत्तर ९६ पूर्णांक दोन नवमांश येतें. खरें उत्तर ९६.४२ आहे. पहिल्या रीतींत पाऊण एककाची चूक, दुसरींत पांचव्या हिश्शाची. सहा आंकड्यांच्या सारणीनें मोठ्या सारणीचें काम करून घेण्याची ही युक्ति आहे, आणि तिचें सारें बळ त्या दुसऱ्या अंतरांत आहे.

उदयांतराकडे परत वळूं. भास्कराचार्यांच्या ग्रंथामुळें तें प्रसिद्धीस आलें. परंतु भास्कराचार्यांच्या आधीं शंभर वर्षें तें एका वऱ्हाडी ज्योतिष्याच्या ‘सिद्धांतशेखर’ नामक ग्रंथांत आलेलें आहे. त्याचें नांव श्रीपति. नागदेवाचा हा पुत्र आणि केशवाचा नातू रोहिणीखंड येथें राहून ग्रंथ लिहीत होता. हें रोहिणीखंड म्हणजे घाटाच्या पायथ्याशीं असलेलें, मोताळा तालुक्यांतील आजचें रोहिणखेड असें मानतात, आणि नांवाचा मेळही सरळ बसतो. रोहिणखेडचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत येतें तें लढायांमुळें. १४३७ मध्यें बहामनी सैन्यानें खानदेशच्या नासीरखान फारुकीचा येथें पराभव केला. १५९० मध्यें निजामशाहींतील वारसाचा झगडा येथेंच तुटला. घाट चढून दक्षिणेंत शिरणाऱ्या फौजांच्या वाटेवरचें हें गांव. त्याला लढाया चुकल्या नाहींत. पण त्या लढायांच्या चारशें वर्षें आधीं तेथें बसून एक मनुष्य सूर्याच्या मध्यान्हांतील दहा मिनिटांचा हिशेब लावीत होता, ही गोष्ट गांवच्या कीर्तींत सहसा धरली जात नाहीं.

श्रीपतीचे ग्रंथ पुष्कळ. ‘धीकोटिदकरण’ हें १०३९ चें, केवळ वीस श्लोकांचें, ग्रहणांपुरतें लिहिलेलें. ‘ध्रुवमानस’ १०५६ चें. ‘गणिततिलक’ अंकगणितावर, ‘ज्योतिषरत्नमाला’ मुहूर्तांवर. रत्नमालेवरील जुनी मराठी टीका त्याचीच असें मानणारे पंडित आहेत. तें खरें धरलें तर मराठी गद्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकीं एक नमुना या ज्योतिष्याच्या हातचा ठरतो. पण येथें कर्तव्य आहे तें ‘सिद्धांतशेखरा’शीं, आणि त्यांतही चंद्राविषयींच्या एका दुरुस्तीशीं. कारण त्या दुरुस्तीवरून पुढें महाराष्ट्रांत घरोघरीं भांडणें व्हावयाचीं होतीं.

चंद्र सारख्या गतीनें चालत नाहीं. मध्यम गतीनें तो जेथें असावा त्याच्या पुढें किंवा मागें तो दिसतो, आणि हें अंतर काढण्यासाठीं सर्व सिद्धांतकारांनीं मंदफल सांगितलें. तें जास्तींत जास्त सुमारें ५ अंशांचें आहे. आजच्या गणितानें मंदफलाचें खरें मूल्य ६ अंश १७ कला येतें. मग आपल्या पूर्वजांची चूक सव्वा अंशाची होती काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. सूर्याच्या आकर्षणामुळें चंद्राला आणखी एक, १ अंश १६ कलांचा, झोला बसतो. आणि अमावास्या व पौर्णिमा या दोन्ही वेळीं तो मंदफलाच्या नेमका विरुद्ध पडतो. ६ अंश १७ कलांतून १ अंश १६ कला वजा केल्या कीं ५ अंश १ कला राहते. सूर्यसिद्धांताचें मंदफल ५ अंश २ कलांच्या वर थोडेंसें आहे! ग्रहण अमावास्येला किंवा पौर्णिमेलाच होतें. प्राचीनांनीं चंद्र पारखला तो ग्रहणांवर. म्हणून त्यांच्या पांच अंशांत खरें मंदफल आणि सूर्याचा झोला हीं दोन्ही आधींच मिसळून गेलीं होतीं. ग्रहणांपुरतें तें गणित उत्कृष्ट होतें.

अष्टमीला मात्र गोष्ट उलटते. त्या दिवशीं दोन्ही फलें एकाच बाजूस पडूं शकतात आणि बेरीज साडेसात अंशांच्या वर जाते. सिद्धांताचे पांच अंश घेऊन बसणारा गणक येथें अडीच अंशांपर्यंत चुकतो. चंद्र सूर्यापासून दिवसाला सुमारें १२ अंश दूर सरकतो. तेव्हां अडीच अंश म्हणजे पांच तासांच्या आसपास. अष्टमी केव्हां संपली यांतच पांच तासांची चूक.

ही उणीव भरून काढणारी दुरुस्ती मुंजालानें ९३२ सालच्या ‘लघुमानस’ ग्रंथांत सांगितली, आणि श्रीपतीनें तिला ‘सिद्धांतशेखरां’त स्थान दिलें. तिचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. ती दोन राशींचा गुणाकार आहे: एक राशि चंद्र सूर्यापासून किती दूर आहे यावर अवलंबून, दुसरी चंद्राचें उच्च सूर्याच्या संदर्भानें कोठें आहे यावर. अमावास्येस आणि पौर्णिमेस पहिली राशि शून्य होते, म्हणून गुणाकारही शून्य होतो. ग्रहणाचें जमलेलें गणित जरासुद्धां बिघडत नाहीं. अष्टमीस ती मोठ्यांत मोठी होते. जुन्या पदाला हात न लावतां, जेथें तें उणें पडतें तेवढ्याच ठिकाणीं भर घालणारें पद शोधून काढणें, हें निरीक्षणाचें आणि बुद्धीचें सारखेंच काम आहे. ग्रीकांकडे टॉलेमीला दुसऱ्या शतकांत हा झोला माहीत होता. परंतु मुंजाल-श्रीपतींची मांडणी त्याच्या मांडणीहून निराळी आहे.

एवढें सांपडलेलें पद पुढें गेलें कोठें? याचें उत्तर जरा खेदाचें आहे. खानदेशांतील चाळीसगांवजवळच्या पाटण येथें ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं १२०७ मध्यें मठ निघाला, त्या भास्कराचार्यांनीं ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणीं’त उदयांतर घेतलें, चंद्राची गति क्षणोक्षणीं बदलते म्हणून जवळचा तिथ्यंत काढतांना तात्कालिक गतीच घ्यावी, असा फार पुढचा विचारही सांगितला. पण चंद्राचा दुसरा संस्कार त्यांच्या मूळ ग्रंथांत नाहीं. त्यांच्या नांवावरील ‘बीजोपनय’ प्रकरणांत तसा संस्कार आहे. तथापि तें प्रकरण मागाहून घुसडलेलें असावें असा संशय आहे. मग आले गणेश दैवज्ञ. कोंकणांतील नांदगांवच्या या विलक्षण पुरुषानें १५२० मध्यें ‘ग्रहलाघव’ रचला आणि त्यांत ज्या व चाप हे साफ काढून टाकले. अकरा अकरा वर्षांचीं चक्रें पाडून, आंकडे लहान ठेवून, बेरीज-वजाबाकी-गुणाकार एवढ्यावर ग्रह आणून दिले. ‘तिथिचिंतामणि’ या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथानें वर्षाचें पंचांग थोडक्या श्रमांत होऊं लागलें. गणेशाला कमी लेखणें शक्य नाहीं. तो स्वतः वेध घेणारा होता, आणि ज्या सिद्धांताचा जो ग्रह आकाशाशीं जुळला तोच त्यानें घेतला. खेड्यांतल्या जोशालाही पंचांग करतां आलें तें त्याच्यामुळें. परंतु सोपेपणासाठीं त्यानें जें टाकलें तें टाकलेलें आहे, ही आठवण त्याच्यामागें तीनशें वर्षांत बुजली. चंद्राला एकच फल आहे अशी समजूत दृढ झाली. आणि ग्रहणें बऱ्याच अंशीं जुळत असल्यामुळें त्या समजुतीला आव्हान देण्याचें कोणाला कारणही पडलें नाहीं.

युरोपांत हाच चंद्र न्यूटनच्या मागें लागला होता. चंद्राचें उच्च हळूहळू फिरतें. सूर्यसिद्धांतानें एका महायुगांत त्याचे ४,८८,२०३ भगण सांगितले आहेत, म्हणजे एका फेऱ्यास पावणेनऊ वर्षांहून थोडा अधिक काळ. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून हा वेग काढावयास गेलें तर निम्माच येई. फ्रान्समधील अलेक्सी क्लेरो या गणितज्ञाला इतर दोघां थोर गणितज्ञांप्रमाणेंच, म्हणजे ऑयलर आणि दालांबेर यांच्याप्रमाणेंच, हा निम्मा आंकडा मिळाला. १७४७ च्या नोव्हेंबरांत पॅरिसच्या अकादमींत त्यानें उघड सांगितलें कीं न्यूटनचा नियम अपुरा आहे, त्यांत आणखी एक भाग जोडला पाहिजे. दीड वर्षानें, १७४९ च्या मे महिन्यांत, त्यानें तें विधान परत घेतलें. मध्यंतरीं त्यानें आपल्याच गणितांत क्षुल्लक म्हणून सोडलेलीं पुढच्या क्रमाचीं पदें हिशेबांत धरलीं होतीं. पहिल्या पदानें निम्मा वेग दिला होता. उरलेला जवळजवळ सारा निम्मा त्या टाकलेल्या पदांत दडून बसला होता. नियम बरोबर होता. गणित अर्ध्यावर थांबलें होतें. आपली चूक ज्या सभेंत जाहीर केली त्याच सभेंत दुरुस्त करणारा क्लेरो विरळाच म्हणावा लागेल.

या गोष्टीची दुसरी बाजू बुध ग्रहाची आहे. १८५९ मध्यें लव्हेरिएनें दाखविलें कीं, सर्व ग्रहांचे ओढे कितीही बारीक पदांपर्यंत मोजले तरी बुधाच्या कक्षेचें फिरणें थोडें उरतेंच. ही उरलेली बाकी शतकास सुमारें ४३ विकला ठरली. येथें मात्र कोणतेंही पद विसरलें नव्हतें. ती बाकी १९१५ सालीं आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतानें भरून निघाली. क्लेरोसारखीं वरचीं पदें शेवटपर्यंत मोजण्याची संवय शास्त्रज्ञांना लागली नसती, तर ४३ विकला ही नियमाची उणीव कीं गणकाचा आळस, हें कोणालाच सांगतां आलें नसतें. चंद्राच्या बाबतींत तर हें काम इतकें वाढलें कीं १९१९ मध्यें ब्राउननें प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत पदांची संख्या दीड हजाराच्या घरांत गेली.

महाराष्ट्रांत हीं युरोपियन कोष्टकें आणण्याचें काम केरो लक्ष्मण छत्रे यांनीं केलें. १८६० मध्यें त्यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ निघालीं आणि १८६५ पासून, शके १७८७ पासून, त्यांच्या गणिताचें पंचांग निघूं लागलें. तेंच पटवर्धनी पंचांग. पुढें व्यंकटेश बापूजी केतकर या शाळामास्तरानें संस्कृतांत ‘ज्योतिर्गणित’ लिहून, शेंकडों पदांतून पंचांगास लागतील तेवढीं निवडून, आपल्या गणकांच्या हातीं दिलीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथही याच सुमाराचा, १८९६ चा.

आणि येथें कलह उभा राहिला. जुन्या पंचांगांत तिथि कमींत कमी ५४ घटिकांची आणि जास्तींत जास्त ६५ घटिकांची असे; साठांवर पांच वाढ, साठांतून सहा घट. बाण म्हणजे पांच, रस म्हणजे सहा. म्हणून ‘बाणवृद्धि रसक्षय’ हें सूत्र जोशांच्या तोंडीं होतें. नव्या गणितानें तिथि ५० पासून ६७ घटिकांपर्यंत जाऊं लागली. सातांची वाढ आणि दहांचा क्षय. कांहीं तासांच्या फरकानें सूर्योदयाची तिथि बदलावी, आणि सूर्योदयाच्या तिथीनें एकादशी बदलावी, असा प्रसंग आला. एका घरांत उपास, शेजारच्या घरांत द्वादशीचें पारणें. वऱ्हाडांतून पंढरीस पायीं जाणाऱ्या वारकऱ्यास हा गणिताचा वाद ऐकवून काय समाधान होणार? त्याला एकादशी कोणती तें पाहिजे होतें.

जुन्या पक्षाचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. त्यांची पहिली विचारणा अशी: आमचीं ग्रहणें आकाशाशीं जुळतात, तर आमची तिथि खोटी कशी? प्रश्न बिनतोड वाटतो. त्याचें उत्तर श्रीपतीच्या त्या गुणाकारांत आहे: ग्रहणाच्या वेळीं तें पद शून्यच असतें, म्हणून ग्रहण हा त्या पदाचा साक्षीदार होऊंच शकत नाहीं. त्यांची दुसरी विचारणा अधिक खोल होती. ‘निर्णयसिंधु’, ‘धर्मसिंधु’ यांतील व्रतांचे निर्णय ज्या तिथीला धरून झाले, ती तिथि ५४ ते ६५ घटिकांची. दहा घटिकांच्या क्षयाला ते नियम पुरे पडत नाहींत, मग कोणते मोडावे? हा प्रश्न आकाशाचा नव्हता. ‘आज तिथि कोणती’ हा पहिल्या पायरीचा प्रश्न. ‘तिथि कशाला म्हणावें, आणि तें ठरविण्याचा अधिकार ग्रंथाला कीं डोळ्याला’ हा दुसऱ्या पायरीचा. तर्कशास्त्रांतही पायऱ्यांचा हा भेद मोठा मानला आहे. १९०८ मध्यें बर्ट्रंड रसेलनें जी प्रकारांची उतरंड मांडली तींत वस्तूंविषयींचीं विधानें एका पायरीवर आणि वस्तूंच्या गुणांविषयींचीं विधानें वरच्या पायरीवर ठेविलीं, कारण दोहोंची सरमिसळ केली कीं विसंगति उत्पन्न होतात. तेथील ‘वरची पायरी’ आणि गणितांतील ‘वरचा घात’ या गोष्टी एक नव्हेत. वरचा घात लहान असतो म्हणून सोडतां येतो, तर्कांतील वरची पायरी लहान नसतेच. पंचांगवाद्यांचें दुर्दैव असें कीं एक पक्ष पहिल्या पायरीवरून बोले, दुसरा दुसऱ्या पायरीवरून उत्तर देई, आणि दोघांनाही आपण एकाच गोष्टीवर भांडतों असें वाटे.

त्यांत अयनांशांचा वाद मिसळला. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, रेवतींतल्या ताऱ्यापासून कीं चित्रेसमोरून, यावर शुद्धपंचांगवाल्यांमध्येंच दोन तट पडले. वस्तुतः तिथि म्हणजे चंद्र आणि सूर्य यांतील अंतर. आरंभबिंदु कोठेंही धरा, अंतर तेंच राहतें, फक्त संक्रांति आणि अधिकमास यांवर परिणाम होतो. पण वादाच्या धुरांत हा साधा मुद्दा पुष्कळांना दिसेनासा झाला. १९०४ मध्यें मुंबईस आणि १९२० मध्यें सांगलीस ज्योतिष्यांच्या परिषदा झाल्या. लोकमान्य टिळकांनीं आपलें वजन दृक्प्रत्ययाच्या, म्हणजे डोळ्यांना पटणाऱ्या गणिताच्या बाजूस टाकलें. ओरिसांतील पठाणी सामंत चंद्रशेखर यांनीं तर, इंग्रजी कोष्टकांचा आधार न घेतां, घरच्या घरीं केलेल्या यंत्रांनीं वेध घेऊन चंद्राचे जास्तीचे संस्कार शोधून काढले होते. त्यांचा ‘सिद्धांतदर्पण’ १८९९ मध्यें छापला गेला. तरीही महाराष्ट्रांतल्या सामान्य कर्मठ माणसाच्या मनांत नवें गणित परकेंच राहिलें. विलायती कोष्टकांनीं आमची एकादशी ठरवावयाची काय, असा त्याचा सवाल असे.

आणि खरी हळहळ वाटते ती येथें. ज्या पदाला तो विलायती म्हणे, तें मुंजालानें आणि श्रीपतीनें संस्कृत श्लोकांत घालून ठेवलें होतें. पैकीं एक तर वऱ्हाडांतलाच. पण वाद ऐन भरांत असतांना ‘सिद्धांतशेखर’ छापलेला नव्हता. तो कलकत्त्यास दोन भागांत निघाला, पहिला १९३२ सालीं आणि दुसरा १९४७ सालीं. तोंवर टिळक, केतकर, दीक्षित हे सारे कालवश झाले होते. हें पुस्तक पन्नास वर्षें आधीं पुण्या-मुंबईच्या जोश्यांच्या हातीं पडतें, तर कलह मिटलाच असता असें नाहीं, कारण दुसऱ्या पायरीचा प्रश्न उरलाच असता. पण निदान ‘परकें’ हा शब्द तरी त्यांतून गळाला असता.

स्वराज्यानंतर १९५२ मध्यें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांगसुधारणेची समिति नेमली गेली. १९५५ मध्यें तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सरकारी राष्ट्रीय पंचांगांतील तिथि दृग्गणिताची असते. महाराष्ट्रांतल्या बहुतेक घरांतील पंचांगेंही आतां तेंच गणित वापरतात, आणि सात-दहांच्या वृद्धिक्षयावर कोणी फारसें भांडत नाहीं.

तिथीचा शेवट सर्व देशांत एकाच क्षणीं होतो. सूर्योदय मात्र गांवोगांवीं निराळा. मुंबईहून मोताळा सुमारें ३ अंश २२ कला पूर्वेस असल्यामुळें तेथें सूर्य साडेतेरा मिनिटें आधीं उगवतो. हें पहिलें पद. मोताळा मुंबईच्या उत्तरेस पावणेदोन अंश आहे, म्हणून जूनमध्यें या साडेतेरांत आणखी तीनेक मिनिटें मिळतात आणि डिसेंबरांत तितकींच वजा होतात. हें दुसरें. एखादी दशमी मोताळ्याच्या सूर्योदयानंतर पण मुंबईच्या सूर्योदयापूर्वीं संपली, तर मुंबईस सूर्य एकादशीला उगवेल आणि मोताळ्यास दशमीलाच. मुंबईचें पंचांग भिंतीस टांगणाऱ्या मोताळ्याच्या गृहस्थानें त्या दिवसापुरतीं हीं दोन्ही पदें स्वतः धरलीं पाहिजेत.